तोंडाच्या वाफेवरचं सोनं

शनिवार, ११ जानेवारी

शेवटी आज गेले. ऋचाने परस्पर नाव घातलं नसतं तर गेले नसते. "आई, यू ओन्ली कम्प्लेन ऑल डे. गो अँड लर्न समथिंग, ला," असं सोळा वर्षांची मुलगी आईला सुनावते आणि तिचा बाप लॅपटॉपमागे तोंड लपवून हसतो. प्रबोधचं बरं आहे, त्याला ऑफिस आहे.

शिकायचं काय, तर युरोपातल्या जुन्या पोथ्यांची कला. छपाई यायच्या आधी तिकडे मठांमधून पोथ्या हाताने लिहायचे. पानाचं पहिलं अक्षर तळहाताएवढं काढून त्यात वेली, पक्षी, मासे आणि खरं सोनं भरायचे. तसली पानं मिस ओलिव्हेरो आजही करतात. इथल्याच, सिंगापूरच्या युरेशियन, म्हणजे मिश्र वंशाच्या, सत्तरी ओलांडलेल्या, टॅम्पिनीसमध्येच आमच्यापासून दोन स्टॉपवर राहतात. तरुणपणी इंग्लंडमधल्या एका मठात नन लोकांकडे शिकल्या. मीही पुण्यात एकेकाळी लग्नपत्रिकांची अक्षरं काढायचे, म्हणून वाटलं, आपलं जमेल.

बाई मला फारशा आवडल्या नाहीत. बोलताना तोंडाकडे बघत नाहीत. नजर माझ्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे. मोठी माणसं मी अशी बघितली आहेत, समोरच्याला भिंत समजणारी. चहा दिला तो कपात बोट बुडवून ओतला. बोट भिजलं तशा थांबल्या. मी "नंतर घेते" म्हणाले आणि तो तसाच राहिला.

पण हातात काम मात्र काय आहे! त्यांच्या चर्चच्या चॅपेलसाठी प्रार्थनांची पोथी करताहेत. बारा पानं, सगळी कातड्यावर. अकरा पूर्ण. एका पानावर द्राक्षवेलीत लपलेला खंड्या आहे, तो मी कितीतरी वेळ बघत बसले. बारावं पान अर्धवट आहे. आमेन या शब्दाचा मोठा A काढून झालाय, त्यावर पांढऱ्या लेपाचा उंचवटाही घातलाय, फक्त सोनं चढवायचं बाकी. पोथी ईस्टरला द्यायची, असं त्यांनी फादरना कबूल केलंय. "मग थांबलंय कशासाठी?" मी विचारलं. "योग्य दिवसासाठी," म्हणाल्या, खांद्यापलीकडे बघत.

माझ्या सरावासाठी कातडं काढताना त्यांनी गठ्ठा चाचपला आणि एक तुकडा वेगळा केला. "हे शेळीचं, वासराचं नाही. तुला हेच देत जाईन." मी विचारलंही नव्हतं.

शनिवार, २५ जानेवारी

दोन आठवडे नुसती हमाली. प्लास्टरची पूड दगडावर घोटायची, घोटायची आणि घोटायची. त्यात माशाचा सरस. मी कोकणस्थाच्या घरातली, नाकाला ओढणी लावून घोटते. वर थोडा मध. या मिश्रणाचा लेप अक्षरावर द्यायचा, वाळला की तो कागदापासून फुगल्यासारखा वर उभा राहतो, आणि सोनं त्यावर बसतं. मधामुळे लेप हवेतला ओलावा धरून ठेवतो. इंग्लंडच्या मापाने मध घातला तर सिंगापुरात लेप कधी वाळतच नाही, म्हणून बाई अर्धाच घालतात.

मी घरी जरा सढळ हाताने घातला. सकाळी ओट्यावर बघते तर माझ्या S वर मुंग्यांची रांग, आणि S चा वरचा अर्धा भाग फस्त. प्रबोध म्हणाला, "तुझ्या कलेला पहिले रसिक मिळाले." मी त्याच्याशी दुपारपर्यंत बोलले नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज सोनं चढवलं! माझ्या हाताने!

पेढ्यावर असतो त्याहून पातळ वर्ख. हात लावायचा नाही, लावला तर बोटालाच बसतो. पंखा बंद, खिडकी बंद. कागदाची नळी तोंडात धरायची आणि वाळलेल्या लेपावर वाफ सोडायची. फुंकायचं नाही. चष्मा पुसताना काचेवर हाऽ करतो ना, तसं, पोटातून. त्या ओलाव्याने लेप क्षणभर चिकट होतो, तेवढ्यात वर्ख ठेवायचा, दाबायचा. मग अकीकाच्या गुळगुळीत दगडाने ओप द्यायचा. घासता घासता पिवळट कागदासारखं दिसणारं ते एकदम आरसा झालं. मला त्यात खिडकी दिसली. मी ओरडलेच.

बाईंनी डोळे मिटून घेतले होते. "घास. थांबू नकोस, मी ऐकतेय," म्हणाल्या. घासताना दगड कुरकुरला की म्हणायच्या, "तिथे लेप ओला आहे, थांब." बरोबर तिथेच ओला असायचा. मग परीक्षा सुरू. "सांग, सोनं कुठे सुटलंय? डाव्या पायाला की उजव्या? भेग आहे का? केवढी?" अहो, समोर तर आहे, बघा की! शिकवण्याची ही एक पद्धत असणार. आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या बाईही अशाच खोदून खोदून विचारायच्या.

बुधवार, १९ फेब्रुवारी

ठरवलंय की पाडव्याला देवघरात लावायला एक पान करायचं. मधोमध सोन्याचा श्री, भोवती आंब्याचा मोहोर. रेखाटन सुरेख जमलं. लेप दिला, झाकून ठेवला, मुंग्यांपासून वाचवला.

आज नळी तोंडात धरली आणि वाफ सोडवेना. आईने देवाची फुलं कधी हुंगू दिली नाहीत. दिवा फुंकरीने विझवला तर रागवायची. तोंडाची वाफ म्हणजे उष्टंच ते, आणि ते थेट श्रीवर? A, B, C ची गोष्ट वेगळी. शेवटी किटलीच्या वाफेवर पान धरलं. लेपाचा चिखल झाला, वर्ख त्यात बुडाला आणि श्री गेला.

बाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत, त्याचं मला बरं वाटलं. एवढंच म्हणाल्या, "किटलीला कळत नाही कुठे थांबायचं."

शनिवार, १ मार्च

आज अपमान झाला.

बाईंचं रंगांचं फडताळ म्हणजे नुसता गोंधळ. निळ्याशेजारी शेंदरी, त्याच्यापलीकडे काळा, मग हिरवा, एकाही बाटलीवर नाव नाही. त्या डाळ लावायला स्वयंपाकघरात गेल्या, तेवढ्यात मी सगळं पुसून नीट लावून टाकलं. फिक्याकडून गडदकडे, दुकानात असतं तसं. म्हटलं, खूश होतील.

आल्या, बसल्या, सवयीने हात लांबवून बाटली घेतली आणि माझ्या सरावाच्या पानावर आभाळ रंगवून दाखवायला लागल्या. हिरवंगार आभाळ. मी म्हटलं, "मिस, हा हिरवा आहे." त्या थांबल्या. हात फडताळावर गेला, एक बाटली, दुसरी, तिसरी चाचपली. आणि मग आवाज चढला. "कुणी सांगितलं तुला? हू आस्क्ड यू? माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही!" साध्या बाटल्यांसाठी!

एवढं काय मेलं बिघडलं? हिरवा आणि निळा ओळखता येऊ नये इतकं लक्ष कुठे होतं त्यांचं? मी ब्रश धुतला, पिशवी उचलली आणि आले. पुन्हा जायची नाही.

शनिवार, ८ मार्च

गेले नाही. पोहे केले.

शनिवार, २२ मार्च

गेले नाही. ऋचा म्हणाली, "आई, मिस कॅन्ट सी, इज इट?" मी म्हटलं, काहीतरीच काय, दिसत नसताना असल्या वेली काढता येतात का, त्या केसाएवढ्या रेघा मारतात. मग आठवलं, रेघा मारलेली पानं सगळी मी गेले तेव्हा तयारच होती. मी आल्यापासून त्यांनी एकही नवी रेघ मारलेली मी बघितली नाही.

दिवसभर बाटल्या डोळ्यांसमोर येताहेत.

रविवार, ३० मार्च, पाडवा

सकाळी खिडकीत गुढी उभी केली, कपडे वाळत घालायच्या बांबूवर. समोरच्या ब्लॉकमधल्या आजी रोजच्यासारखा हात करून गेल्या. दुपारी श्रीखंडाचा डबा घेऊन बाईंकडे गेले. रिकाम्या हाताने माफी मागायला जाणं मला जमत नाही.

दार त्यांनी उघडलं आणि माझ्या खांद्यापलीकडे बघून म्हणाल्या, "स्मिता! त्याच कुड्या."

फडताळ पुन्हा जुन्या गोंधळात लागलं होतं. दोन बाटल्यांना दोरे बांधलेले, एकीला एक गाठ, एकीला दोन. मी विचारायच्या आधीच त्या बोलल्या. डोळ्यांच्या मध्यभागी डाग पडलाय, राखाडी, दर महिन्याला थोडा पसरतो. कडेचं दिसतं, मधलं जातं. वाचायला गेलं की अक्षर जातं, भोवतीचं पान राहतं. औषध आहे, त्याने वेग कमी होतो, गेलेलं परत येत नाही. A वरचा लेप घातला त्या महिन्यात ते पहिल्यांदा कळलं. तेव्हापासून बारावं पान तसंच पडून आहे.

"मग तुम्ही माझ्याकडे सरळ बघत नाही ते..."

"सरळ बघितलं तर तू नाहीशी होतेस. तुझा चेहरा मला माहीतच नाही. कान माहीत आहेत. छान आहेत."

इतके महिने मी यांना गर्विष्ठ म्हणत होते, आणि त्या बिचाऱ्या माझ्या कानांशी बोलत होत्या. खूप लाज वाटली. रडूही आलं, पण ते त्यांना दिसणार नाही म्हणून पुसलं नाही.

श्रीखंड खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "आमेनवर सोनं तू चढव." मी चपापले. शिकून दोन महिने झालेत मला! बाईंनी समजावलं. लेप एकदा बिघडला तर खरवडावा लागेल. खालचं कातडं इतकं पातळ आहे की खरवडताना भोक पडेल, आणि मग तो A पुन्हा रेखायला त्यांचे डोळे नाहीत. त्यांना म्हणायचं होतं की ही एकच संधी आहे, आणि ती त्या मला देताहेत.

"पण मिस, ती प्रार्थना आहे. त्यावर तोंडाची वाफ..."

"हो, तुझीच," म्हणाल्या आणि डबा चाटून पुसला.

सोमवार, ७ एप्रिल

उद्या करायचं. उद्या एकादशीही आहे, म्हणजे दिवस चांगलाच.

देव कुणाचाही असो, वाफ द्यायचीच तर ती शुद्ध तरी हवी. आजपासूनच कांदा-लसूण बंद. उद्या उपास, तोही निर्जळी, तोंडात कसलाच कण नको की थेंब नको. पहाटे डोक्यावरून आंघोळ, धुतलेली सुती साडी. इतकं सोवळं मी सासरच्या गौरींनासुद्धा पाळलेलं नाही. प्रबोध म्हणाला, "अगं, क्रिश्चन लोकांचं पान आहे ते, त्यांना चालतं सगळं." त्यांना चालत असेल. मला नको का चालायला?

श्रीच्या वेळी चिखल झाला, कारण मी अंग चोरलं. उद्या अंग चोरायचं नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

सगळं पद्धतशीर केलं. एसी बारीक ठेवला, पंखा बंद, खिडकी बंद. बाईंनी पान माझ्यासमोर सरकवलं. ते शेळीचं आहे की कशाचं, मी विचारलं नाही. मनातल्या मनात आमच्या गणपतीला हात जोडले, त्यांच्याही देवाला जोडले, आणि नळी धरून वाफ सोडली. पोटातून. पुन्हा. पुन्हा. वर्ख ठेवला, रेशमी फडक्याने दाबला.

उचलला तर वर्खच उचलला गेला. A कोरा.

दुसरा वर्ख. जास्त वाफ. एवढासा तुकडा टोकाला बसला, बाकीचा उडाला. तोंड कोरडं ठाक, जीभ टाळूला चिकटलेली. "मिस, होत नाहीये. हा लेप मेलाय. मी घालवलं तुमचं पान."

बाई शेजारी बसल्या होत्या, डोळे मिटून. त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या तोंडासमोर धरला. "हाऽ कर." मी केलं. त्यांच्या कपाळावर आठी.

"सकाळपासून काय प्यायलीस?"

"काही नाही. निर्जळी उपास आहे."

"आय मीन, पाणी?"

"पाणीसुद्धा नाही. पान देवाचं आहे म्हणून."

बाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की खोकला आला. "अगं, लेपाला तुझं पाणी हवंय! पोटात थेंब नाही, तोंड वाळलंय, वर ही एसीची हवा, मग देणार काय तू त्याला? आयो, होली वुमन! मला शिकवणाऱ्या सिस्टर सोनं चढवायच्या आधी मोठा मग भरून गरम चहा प्यायच्या, लेंटचे उपास असोत की नसोत."

त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. मी मागे गेले. चहा उकळला, घट्ट दूध घातलं, कप घेतला आणि कडेला बोट लावून ओतायला लागल्या. बोट भिजलं तशा थांबल्या. कप भरलाय हे त्यांना असंच कळतं. पहिल्या दिवशी हे मला कळलं नव्हतं, आणि मी तो चहा तसाच सोडून आले होते.

मी कप घेतला. एकादशी मोडणार होती. आईचा चेहरा आठवला, आणि खरं सांगायचं तर आईने काय केलं असतं ते मला ठरवता येईना. प्यायले. गोड, कडक, बोट बुडवलेला. शेवटच्या घोटापर्यंत. अजून एक मागून घेतला.

मग नळी धरली. या वेळी वाफ लेपावर पडताना मला दिसली, क्षणभर ओलसर झाक आली आणि गेली. "आता!" मी नाही, बाई म्हणाल्या. वर्ख ठेवला, दाबला. बसला. डावा पाय, उजवा पाय, मधली आडवी पट्टी. एकेक तुकडा, दर तुकड्याला हाऽ. अकीक घेऊन ओप द्यायला लागले. बाई कान लावून होत्या. एकदाही कुरकुर झाली नाही, नुसता सरसर आवाज, आणि A पेटत गेला.

"सांग," त्या म्हणाल्या.

या वेळी मला परीक्षा वाटली नाही. मी सगळं सांगितलं. टोकापाशी सुईएवढी जागा राहिली होती ती भरली, डाव्या पायाला हलकी लाट आहे पण सुटलेलं कुठे नाही, उजव्या पायात तुमचा टेबललॅम्प दिसतोय आणि त्याच्याखाली माझं नाक. बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पूर्वी मला वाटलं असतं, पाठ फिरवली. आता मी पान त्यांच्या कानाच्या बाजूला नेलं आणि दिव्याखाली सावकाश हलवलं. तिथे त्यांना दिसतं.

त्या भिंतीकडे तोंड करून ते बघत राहिल्या. मी हात दुखेपर्यंत पान हलवत होते.

रविवार, २० एप्रिल, ईस्टर

प्रबोध आणि ऋचा घरी. मी एकटीच गेले, बाईंनी बोलावलं म्हणून. पैठणी नेसले. चॅपेल लहान आहे, बसायला लांब बाकं. बाईंनी मला आपल्या उजव्या हाताला बसवलं, अगदी खांद्याला खांदा लावून. "समोर जे होईल ते तू मला सांगायचं," असं बजावलं.

मी कुजबुजत सांगत गेले. आता पोथी आणली, दोन मुलांच्या मध्ये. आता वेदीवर ठेवली. आता द्राक्षवेलीचं पान, खंड्याचं. पोथी सपाट असते तेव्हा सोनं दिसतच नाही, नुसतं तपकिरी वाटतं. पान उलटताना मात्र पेटतं, आणि लगेच विझतं. दर पानाला पुढच्या बाकांवरची माणसं मान वर करायची.

फादरनी शेवटचं पान उघडलं आणि पोथी दोन्ही हातांनी लोकांसमोर उंच धरली. वरच्या दिव्यात A एकदम भडकला. सगळे मिळून आमेन म्हणाले. मला पुढे सांगायचं होतं, पण डोळ्यांना धार लागली. बाई सरळ समोर बघत होत्या. तिथे त्यांना वेदी दिसत नव्हती, फादर दिसत नव्हते, पोथी दिसत नव्हती, त्यांच्या दोन वर्षांच्या कामाच्या जागी राखाडी डाग होता. मला वाईट वाटत होतं ते त्याचंच. मान न वळवता त्यांनी पर्स उघडली, रुमाल काढला आणि माझ्यापुढे धरला.

"पूस," म्हणाल्या. "कधीची बघतेय मी. आवाजावरून वाटलं होतं त्यापेक्षा बरीच थोराड आहेस ग तू. आणि रडताना नाक फार मोठं होतं तुझं."

समोर बघता बघता सगळा वेळ त्या मलाच बघत होत्या.